पाण्यावरून पाहिलेले ओकानागन खोरे

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ओकानागन खोरे वाइनसाठी प्रसिद्ध आहे, आणि कॅल्गरीतील आम्हा मराठी मंडळींत त्याचा विषय निघाला की बोलणे वाइनरींच्या नावांपासून सुरू होऊन बहुधा तेथेच संपते. मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदाराची मुलगी आहे. त्यामुळे ४९ ते ५० अंश उत्तर अक्षांशांवर, जेथे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, तेथे द्राक्षवेल जगते कशी, हा प्रश्न मला वाइनच्या चवीपेक्षा अधिक जवळचा वाटत आला आहे. त्याचे उत्तर केवळ बागेत उभे राहून मिळत नाही. ते बागेच्या पायथ्याशी पसरलेल्या पाण्यात आहे. म्हणून २०२५ च्या ऑगस्टअखेरीस आम्ही पती-पत्नींनी मोटारीच्या छपरावर दोघांची कयाक बांधली आणि व्हर्ननजवळच्या कलामाल्का सरोवरापासून कॅनडा-अमेरिका सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या ओसोयूस सरोवरापर्यंत, एकेक सरोवर करत, दक्षिणेकडे उतरत गेलो.

ऑगस्टअखेर आम्ही विचारपूर्वक निवडली होती. तोपर्यंत पाणी उन्हाळाभर तापलेले असते आणि काळ्या जातींच्या घडांत रंग भरलेला असतो. वणव्यांच्या धुराची शक्यता मात्र याच दिवसांत मोठी असते, आणि सरकारी उद्यानांतील तंबूच्या जागा कित्येक महिने आधी आरक्षित कराव्या लागतात. वणव्यांचे आणि हवेच्या गुणवत्तेचे सरकारी नकाशे रोज सकाळी पाहायचे, पाण्यात सकाळी उतरायचे आणि वाइनरीत दुपारनंतरच जायचे, असा नियम आम्ही निघण्यापूर्वीच केला. मद्यप्राशन करून नौका चालवणे हा कॅनडात मोटार चालवण्याइतकाच फौजदारी गुन्हा आहे. शिवाय, पुढे सांगेन त्याप्रमाणे, दुपारनंतर पाणीच बदलते.

कॅल्गरीहून ट्रान्स-कॅनडा महामार्गाने रॉकी पर्वत ओलांडला की गोल्डन गावाजवळ नौका-तपासणी केंद्र लागते. ते उघडे असेल तर मोटरबोटच काय, साधी कयाक किंवा पॅडलबोर्ड नेणाऱ्यालाही तेथे थांबणे कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीला पैसे पडत नाहीत. अधिकारी बाईंनी कयाक शेवटची कोणत्या पाण्यात उतरवली होती, त्यानंतर किती दिवस कोरडी होती, आत कुठे पाणी साचले आहे का, हे विचारले आणि मग तळावरून, कडांवरून, बसण्याच्या जागेखालून हात फिरवून पाहिला. डोळ्यांना न दिसणारी शिंपल्यांची पिल्ले बोटांना वाळूच्या कणांसारखी लागतात, असे त्यांनी सांगितले. हा सारा बंदोबस्त झेब्रा आणि क्वागा या जातींच्या युरोपीय शिंपल्यांसाठी आहे. १९८० च्या दशकात ते जहाजांबरोबर ग्रेट लेक्समध्ये पोहोचले आणि तेथून पसरत गेले. पाणी उपसण्याच्या नळांत ते थरावर थर चढवतात, आणि एकदा सरोवरात रुजले की त्यांना काढून टाकण्याचा उपाय नाही. ब्रिटिश कोलंबियात ते आजवर पोहोचलेले नाहीत. २०२४ पासून नौकेला पाणी सोडण्याचे बूच असेल तर प्रवासात ते काढून ठेवण्याचाही नियम झाला आहे. रांगेत काही जण घड्याळाकडे पाहत होते. मला मात्र हा थांबा या प्रवासाचा अत्यंत आवश्यक भाग वाटला, आणि कलामाल्काच्या काठावर त्याचे आणखी एक कारण समोर आले.

कलामाल्का सरोवराचा रंग उन्हाळ्यात एका जागी स्थिर नसतो. काठाजवळ फिकट हिरवा, त्यापलीकडे पाचूसारखा आणि खोल भागात गडद निळा असे पट्टे सकाळच्या उन्हात स्पष्ट वेगळे दिसतात. येथील पाण्यात चुन्याचे प्रमाण मोठे आहे. पाणी तापू लागले की विरघळलेला चुना कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि त्या स्फटिकांवरून प्रकाश विखुरल्याने हे रंग दिसतात. शिंपल्यांना कवच बांधण्यासाठी लागते तेही हेच कॅल्शियम. ज्या गुणामुळे हे सरोवर इतके देखणे झाले आहे, त्याच गुणामुळे त्याला त्या शिंपल्यांचा धोकाही अधिक आहे, हे लक्षात आल्यावर गोल्डनच्या अधिकारी बाईंचा तो काळजीपूर्वक फिरणारा हात मला पुन्हा आठवला. आम्ही पूर्व काठावरच्या कलामाल्का लेक प्रांतीय उद्यानाच्या बाजूने वल्हवत कोझन्स बेपर्यंत गेलो. काठावर गवताळ उतार आणि पाँडेरोसा पाइनची विरळ झाडे आहेत. उन्हात तापलेल्या या झाडांच्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो. गवतात रॅटलस्नेक आहेत आणि पायवाट सोडू नये, असे फलक लागलेले आहेत, आणि ते गांभीर्याने घ्यावेत. पश्चिम काठावरून जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी केलेली, कोल्डस्ट्रीमपासून केलोनाच्या दिशेने जाणारी सुमारे ५० किलोमीटरची ओकानागन रेल ट्रेल २०१८ मध्ये खुली झाली. ती जवळजवळ सपाट असल्याने लहान मुले आणि वयस्कर माणसेही तिच्यावर आरामात सायकल चालवताना दिसतात.

कलामाल्काचे पाणी व्हर्नन क्रीकमधून ओकानागन सरोवरात जाते. हे मुख्य सरोवर १३५ किलोमीटर लांब आहे, त्याची रुंदी साधारण चार-पाच किलोमीटर आहे आणि सर्वांत खोल ठिकाणी ते २३२ मीटर खोल आहे. हिमनद्यांनी दरी इतकी खोल कोरली आहे की तळातल्या गाळाच्या प्रचंड थराखालचा मूळ खडक काही ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली आहे. सरोवरातले सारे पाणी बदलून नवे यायला अर्धशतकाहून अधिक काळ लागतो. एवढा मोठा साठा उन्हाळाभर उष्णता शोषून घेतो आणि शरद ऋतूत व हिवाळ्यात ती सावकाश परत देतो. म्हणूनच बहुतेक हिवाळ्यांत हे सरोवर पूर्ण गोठत नाही. रात्री उतारावरून खाली सरकणारी थंड हवा बागांत साचून न राहता सरोवराकडे निघून जाते. उतारावरच्या वेलींचे संरक्षण होते ते अशा रीतीने, आणि कयाकमधून वर पाहिले की बागांच्या रांगा पाण्याच्या बाजूने एका ठरावीक उंचीपर्यंतच का गेल्या आहेत, हे डोळ्यांना दिसते.

केलोना शहरात आम्ही फारसे थांबलो नाही. शहराच्या आग्नेयेस, डोंगरात, मायरा कॅन्यन आहे, तेथे मात्र एक संपूर्ण सकाळ दिली. १९१५ मध्ये पूर्ण झालेल्या केटल व्हॅली रेल्वेचा हा सर्वांत अवघड टप्पा होता; सुमारे १२ किलोमीटरच्या अंतरात १८ पूल आणि २ बोगदे आहेत. २००३ च्या जानेवारीत याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओकानागन माउंटन उद्यानात वीज पडून वणवा लागला, त्यात शहराच्या कडेची दोनशेहून अधिक घरे जळाली आणि येथील १६ लाकडी पुलांपैकी १२ भस्मसात झाले. ते पुन्हा बांधून २००८ मध्ये मार्ग पूर्ववत खुला करण्यात आला. नव्या लाकडावरून सायकल नेताना दरीच्या पलीकडच्या बाजूला करपलेल्या खोडांमधून वर आलेली तरुण पाइन झाडे दिसतात, आणि फार खाली सरोवराची निळी पट्टी दिसते. चढ-उतार सौम्य आहे, पण पुलांवर वारा लागतो आणि कठड्यापलीकडे खोली बरीच आहे; लहान मुलांना सायकलवरून उतरवून चालत न्यावे, असे मी सुचवीन.

त्यानंतरच्या सकाळी आम्ही ज्या ओकानागन माउंटन उद्यानातून तो वणवा उठला, त्याच्या काठाने वल्हवत गेलो. केलोना आणि नॅरामाटा यांच्यामधल्या या पूर्व काठाने मोटाररस्ता जात नाही. तेथे पायी, घोड्यावरून किंवा नौकेनेच जाता येते, आणि नौकेने येणाऱ्यांसाठी पाण्यालगत तंबूच्या जागा आहेत. येथे सरोवर वळण घेते त्या टोकाचे नाव स्क्वॉली पॉइंट, आणि त्याच्याजवळ रॅटलस्नेक आयलंड हे छोटेसे खडकाळ बेट आहे. खोऱ्याचे मूळ रहिवासी असलेले सियिल्क्स लोक या ठिकाणाला सरोवराच्या आत्मशक्तीचे स्थान मानतात. पर्यटकांच्या दुकानांत ‘ओगोपोगो’ नावाचा हसरा हिरवा राक्षस विकायला असतो, त्याच्यामागे ही श्रद्धा आहे. त्या नावाचा व्हर्नन नगरपालिकेकडे असलेला स्वामित्वहक्क २०२१ मध्ये सियिल्क्स लोकांकडे देण्यात आला, हे योग्यच झाले.

स्क्वॉली पॉइंट या टोकाला वादळी झोतांचे नाव पडले आहे त्याला भौगोलिक कारण आहे. खोरे उत्तर-दक्षिण असल्याने वारा त्याच्या लांबीने वाहतो आणि कित्येक किलोमीटर मोकळे पाणी मिळाल्याने लाटा वाढत जातात. सकाळी पाणी इतके शांत होते की वल्ह्याचे थेंब पडलेले ऐकू येत होते; अकरा वाजून गेल्यावर दक्षिणेकडून पाण्यावर काळसर पट्टा सरकत येताना दिसला, आणि तो आमच्यापर्यंत पोहोचण्याआधी आम्ही जवळच्या खाडीत शिरलो. थोड्या वेळाने बाहेर पांढऱ्या फेसाच्या लाटा होत्या. लाइफ जॅकेट अंगात घातलेले असणे, शिट्टी, पाणी उपसण्याचे भांडे आणि १५ मीटर लांबीची तरंगती दोरी हाताशी असणे, मधून सरळ सरोवर न ओलांडता काठाकाठाने जाणे, ही पथ्ये या सरोवरावर अपरिहार्य आहेत. वरचा पातळ थर कोमट असला तरी त्याखालचे पाणी थंड असते, आणि जोराचा वारा वरचा थर ढकलून नेतो तेव्हा काठावरही ते वर येऊ शकते.

नॅरामाटाचा पठारी पट्टा पाण्यावरून पाहण्याजोगा आहे. हिमयुगाच्या अखेरीस या खोऱ्यात आजच्याहून उंच पातळीचे सरोवर साचले होते. त्याच्या तळाशी बसलेला बारीक गाळ पाणी उतरल्यावर उघडा पडला, आणि आज तो पिवळसर पांढऱ्या उभ्या कड्यांच्या रूपाने काठाने उभा आहे. हे कडे ठिसूळ असल्याने त्यांच्याखाली नाव लावू नये. त्यांच्या माथ्यावर बागा आहेत. त्या दिवशी दुपारी एका छोट्या वाइनरीच्या बागेतून मी निफाडला अण्णांना, माझ्या वडिलांना, व्हिडिओ कॉल लावला. भारतात तेव्हा पहाट होती, पण द्राक्षबागायतदाराला पहाटेचे काही वाटत नाही. त्यांनी घड पाहिले नाहीत. आधी जमीन दाखवायला सांगितली.

‘‘पाऊस किती म्हणालीस?’’ त्यांनी विचारले.

‘‘वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आसपास, अण्णा, त्यातला काही बर्फाच्या रूपाने.’’

‘‘मग पाणी कुठून देतात? आणि छाटणी किती वेळा?’’

पाणी ठिबकने देतात. ते कुठे सरोवरातून उपसलेले असते, तर कुठे डोंगरमाथ्यावर अडवलेल्या ओढ्यांचे. छाटणी एकदाच, वेल झोपेत असताना, हिवाळ्याच्या शेवटी. आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहराची छाटणी अशा दोन असतात, कारण आमची वेल खऱ्या अर्थाने कधी झोपत नाही. अण्णांना हे ठाऊक होते, तरी पानगळ झालेली वेल महिनोन्‌महिने तशीच उभी राहते हे त्यांना पुन्हा ऐकायचे होते. ‘‘आणि थंडीत डोळे मेले तर?’’ त्यांनी शेवटी विचारले. डोळे म्हणजे काडीवरचे, पुढच्या हंगामात फुटणारे कोंब. कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या आणि ठिबक सोडणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता.

ते येथे नुकतेच घडून गेले आहे. २०२४ च्या जानेवारीत, आधीच्या उबदार आठवड्यांमुळे वेली पुरेशा कणखर झालेल्या नसताना, तापमान एकाएकी उणे २५ अंशांच्या आसपास उतरले आणि खोऱ्यातील बहुतेक सगळे डोळे मेले. त्या वर्षीचे द्राक्षपीक जवळजवळ पूर्णपणे गेले, आणि वाइनरी चालू राहाव्यात म्हणून प्रांताबाहेरून द्राक्षे आणण्यास सरकारला मुभा द्यावी लागली. सरोवराच्या उष्णतेलाही मर्यादा असते. बागेत काही रांगांत बुंध्यापासून फुटलेल्या नव्या काड्या तारेवर वळवलेल्या होत्या, तर काही रांगा मुळापासून काढून कोवळी रोपे लावलेली होती. या खोऱ्याने याआधीही असा घाव सोसला आहे. १९८८ च्या अमेरिकेबरोबरच्या मुक्त व्यापार करारानंतर येथील सुमारे दोन तृतीयांश द्राक्षवेली, मुख्यतः संकरित जातींच्या, उपटून टाकल्या गेल्या आणि त्यानंतरच्या वर्षांत मर्लो, शार्दोने, पिनो नॉयर, रीसलिंग अशा विनिफेरा, म्हणजे मूळ युरोपीय वाइन-द्राक्षांच्या, जाती लागल्या. आज ज्यांच्या वाइनचे कौतुक होते त्या बागा बहुतांशी त्या उपटणीनंतरच्या आहेत.

पेंटिक्टन हे गाव ओकानागन आणि स्काहा या दोन सरोवरांच्या मधल्या सपाट पट्टीवर आहे. दोहोंना जोडणाऱ्या सुमारे सात किलोमीटरच्या कालव्यातून हवेच्या रबरी ट्यूबवर बसून तरंगत जाणे हा येथला लोकप्रिय उन्हाळी खेळ आहे, आणि तो तितकाच आनंददायक आहे. वल्हवावे लागत नाही. दोन-तीन तासांत प्रवाह आपल्याला स्काहाकडे नेतो. परंतु हा कालवा म्हणजे १९५० च्या दशकात पूर टाळण्यासाठी सरळ केलेली ओकानागन नदीच आहे, हे तरंगणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावीही नसते. वळणे गेली तशी माशांची अंडी घालण्याची उथळ, खडेदार पात्रेही गेली. सॉकआय सामन मासा प्रशांत महासागरातून कोलंबिया नदीने, मुख्य प्रवाहावरील नऊ धरणे पार करत येथे येतो. ओकानागन नेशन अलायन्स या सियिल्क्स संघटनेने २००४ पासून स्काहात त्याची पिल्ले सोडायला सुरुवात केली, नदीत खडीची पात्रे पुन्हा तयार केली, आणि मासा परत येऊ लागला. या संपूर्ण प्रवासात मला सर्वाधिक समाधान देणारी हीच गोष्ट आहे.

स्काहाच्या दक्षिणेस वॅसू हे छोटे, उथळ सरोवर आहे. १९२३ पासून ते पक्षी अभयारण्य आहे आणि तेथे इंजिनाच्या नौकांना मनाई आहे. वेताच्या कडेने हळूहळू जाताना वरच्या कड्यांवर मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या दिसल्या. कयाक असलेल्याने हे सरोवर चुकवू नये, एवढेच येथे म्हणते.

पुढे ऑलिव्हर गावापाशी खोरे रुक्ष होते. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमिनी देण्यासाठी येथे पाटाचे पाणी आणले गेले, आणि ज्यांच्या सरकारने ते काम केले त्या प्रीमियर जॉन ऑलिव्हर यांचे नाव गावाला मिळाले. रस्त्याकडेची अनेक फळदुकाने आज पंजाबी शेतकऱ्यांची आहेत. पीचची पेटी निवडताना एका वयोवृद्ध सरदारजींशी हिंदीत बोलणे झाले. त्यांनी आम्हाला ‘बेटा’ म्हणून बसवून घेतले आणि २०२४ च्या थंडीत पीच आणि जर्दाळूची झाडेही कशी मोकळी राहिली, ते सांगितले. ‘‘अंगूर की बात सब करते हैं,’’ ते म्हणाले, ‘‘आड़ू की कौन करता है?’’ त्यांचे म्हणणे खरे होते.

ओसोयूस सरोवराचे पाणी कॅनडातील सर्वांत उबदार सरोवरांत गणले जाते, आणि त्यात तासन्‌तास पोहता येते. पूर्व काठावर ओसोयूस इंडियन बँड या सियिल्क्स समुदायाची इंकमीप वाइनरी २००२ मध्ये सुरू झाली. आदिवासी मालकीची ती उत्तर अमेरिकेतील पहिली वाइनरी होय. तिच्या शेजारच्या सांस्कृतिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पायवाटेवर अँटिलोप-ब्रश नावाच्या झुडपाचे मूळ रान पाहता येते. खोऱ्यातील या रानाचा फार मोठा भाग घरे आणि द्राक्षबागा यांखाली गेला आहे. मी द्राक्षांच्या घरातली असूनही, उरलेल्या रानावर आता वेल चढू नये असेच मला मनापासून वाटते.

गावाच्या पश्चिमेस महामार्गाच्या कडेला स्पॉटेड लेक आहे. उन्हाळ्यात त्याचे पाणी आटते आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम व सोडियम यांच्या क्षारांची शेकडो गोल डबकी उरतात. सियिल्क्स लोक हे सरोवर पवित्र आणि औषधी मानतात. २००१ मध्ये ती जमीन ७,२०,००० डॉलरना विकत घेऊन त्यांच्याकडे परत देण्यात आली. ते कुंपणाबाहेरून पाहायचे असते, आणि तेथून ते पुरेसे दिसते. आम्ही थांबलो तेव्हा एक तरुण जोडपे छायाचित्रासाठी तार ओलांडण्याच्या बेतात होते, त्यांना माझ्या पतीने सौम्यपणे फलक दाखवला आणि ते मागे फिरले.

सॉकआय ऑक्टोबरमध्ये अंडी घालण्यासाठी ऑलिव्हरच्या उत्तरेकडील पात्रात येतात, तेव्हा त्यांच्या लालभडक पाठी काठावरून स्पष्ट दिसतात, असे सरदारजींनी सांगितले आहे, आणि ते पाहायला आम्ही पुन्हा येणार आहोत. त्या काळात पात्रात नाव घालू नये किंवा पायही टाकू नयेत, म्हणून त्या फेरीला कयाक घरीच राहील. अण्णांचा व्हिसा वेळेत झाला तर ते आमच्याबरोबर असतील. द्राक्षतोडणीही तेव्हा चालू असते, आणि त्यांना ती पाहायची आहे.